पुसलेली नऊ पावलं

आधी एक सांगून टाकते. या गोष्टीत अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. जे झालं ते सगळं दिवसाढवळ्या झालं. कर्जतला, दहिवलीत, आमच्या स्वतःच्या घरात. सुरुवात झाली ती ११ फेब्रुवारीच्या मंगळवारी, दुपारी.

आणि ते खरं आहे. तुम्हाला पटलं नाही तरी माझी हरकत नाही. माझी अडचण वेगळीच आहे.

मी प्रणिता. घरी बसून आवाजाचं काम करते. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्या फाइली माझ्याकडे येतात. त्यातली पंख्याची घरघर, कुत्र्यांचं भुंकणं, खालच्या रस्त्यावरचा टेंपो, सगळं मी काढून टाकते. अकरा वर्षं हेच करतेय. आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

आता सांगत नाही.

घरात आम्ही तिघं होतो. मी, माझे वडील शरच्चंद्र, म्हणजे आप्पा, आणि आप्पांची मोठी बहीण, प्रमोदिनीआत्या.

आप्पा शाळेत भूगोल शिकवायचे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्यानं तेव्हापासून माझ्याशी एक शब्द उच्चारलेला नाही. डॉक्टर म्हणाले, बोलतील किंवा नाही बोलणार. एवढं सांगायला त्यांनी दोन तास बसवून ठेवलं होतं.

आत्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं.

माझे आजोबा भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. आत्या तिथल्या कॅम्पातच वाढली. शेजारच्या क्वार्टरमध्ये रेडिओ होता आणि आत्या त्यांच्या ओट्यावर पडीक असायची. १९६९ साली लग्न होऊन ती सिडनीला गेली. काका इंजिनियर. दिवसभर घरात एकटी बसून कंटाळली आणि एक दिवस तिथल्या रेडिओ स्टेशनवर आवाजाची परीक्षा देऊन आली.

पास झाली.

पुढची दहा-बारा वर्षं ती ऑस्ट्रेलियाच्या रेडिओवरच्या नाटकांत कामं करत होती. शेतकऱ्याची बायको, दहा वर्षांचा मुलगा, खोकणारा म्हातारा, तान्ह्या बाळाचं रडणं... काहीही सांगा, आत्या काढून दाखवायची. तिथं तिचं नाव पॅम. ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, की आपली ही पॅम कर्जतची आहे. रेडिओत रंग दिसत नाही, असं ती हसून म्हणायची. पण त्या हसण्यात थोडा रागही असायचा.

मी लहान असताना तिचा सिडनीहून फोन यायचा. मी उचलला, की आप्पांच्या आवाजात विचारायची, "प्रणिता, गृहपाठ झाला का?"

आप्पा माझ्यासमोर पेपर वाचत बसलेले असायचे.

काका वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०११ मध्ये, ती कायमची परत आली आणि आमच्याकडे राहू लागली. आप्पा आजारी पडले तेव्हा ती ऐंशीची होती. गुडघे गेलेले. वॉकर घेऊन चालायची. आवाज मात्र पंचवीस वर्षांच्या बाईचा.

जानेवारीत एका दुपारी मी काम करत होते. आत्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ती आता शरदच्या खोलीत जायला लागलीय गं."

मी विचारलं, कोण?

मग तिनं मला ते सांगितलं. अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तसं.

१९७४ साली तिच्या स्टेशननं एक मालिका केली होती. सव्वीस भागांची. लांब कुठंतरी एक शेतघर. घरात एक आजारी म्हातारा. त्याच्याजवळ बसायला एक बाई ठेवतात. तिला नाव नाही. तिचं काम आत्या करायची. घरातल्यांना कामाला जायचं असतं, जीव म्हाताऱ्यात अडकलेला असतो. ती दर वेळी एकच वाक्य म्हणते...

"तुम्ही जा. मी आहे इथं."

आणि लोक निर्धास्त होऊन जातात. दर भागात खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. दर भागात ती खुर्ची पलंगाच्या थोडी जवळ सरकते. पंचविसाव्या भागात खुर्ची पलंगाला टेकते.

सव्विसाव्यात म्हाताऱ्याची मुलगी परत येते. म्हणते, आता मी बसते, तुम्ही जा. ती बाई काही न बोलता उठते आणि निघून जाते. नऊ पावलं. मग दाराची कडी.

पण सव्विसावा भाग कधी रेकॉर्डच झाला नाही. लोक टीव्ही बघायला लागले होते. स्टेशननं मालिका मधेच गुंडाळली.

"रेडिओत माणूस दिसत नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तो गेला हे ऐकू यावं लागतं. पावलं दूर जायला हवीत. दार वाजायला हवं. नाही वाजलं, तर तो खोलीतच असतो. बोलत नसला तरी असतो. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. मी तिला आत आणलं, प्रणिता. बाहेर काढलंच नाही."

काका गेले तेव्हा त्यांच्या पलंगाला खुर्ची टेकलेली होती. आत्यानं ठेवलेली नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी तिला म्हातारचळ लागलाय असं म्हटलं नाही, पण मनात तेच आलं. आणि तिला ते कळलं, कारण ती पुढे एवढंच म्हणाली, की मी आहे तोवर तिला घालवायला हवी. तिचे पाय माझे आहेत. माझ्यानंतर कुणाला जमणार नाही, आणि घरात शरद आहे.

म्हणून आम्ही तो शेवटचा प्रसंग रेकॉर्ड करायचं ठरवलं. मराठीत.

मंगळवारी दुपारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात. बाकीचे वैतागतात, माझी मात्र सोय होते. पंखा नाही, फ्रिज नाही, वरच्यांचा मिक्सर नाही. माझी सगळी रेकॉर्डिंग मंगळवारचीच.

आत्यानं माळ्यावरून एक खोका काढायला लावला. त्यात टाचांचे तपकिरी बूट होते. सिडनीचे. स्टेशनवर पावलांचे आवाज काढायला वेगळा माणूस असायचा, पण या बाईची पावलं आत्या स्वतः वाजवायची. तेच हे बूट.

बूट घालून ती आप्पांच्या खोलीत गेली. वॉकर बाजूला ठेवला. मी माइक लावला. आप्पा टक लावून बघत होते.

आत्या खुर्चीत बसून म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे इथं."

तो आवाज आत्याचा नव्हता. मऊ, समजूतदार, घाई नसलेला... असं कुणी म्हटलं तर मीही आप्पांना सोडून गेले असते.

मुलीचं वाक्य मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आता मी बसते. तुम्ही जा."

आत्या उठली. चालायला लागली.

खट... खट... खट...

दोनदा तिचा तोल गेला. दोनदा पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तिनं ओठ दाबून धरले आणि नऊच्या नऊ पावलं टाकली. कुणाचाही आधार न घेता. दार ओढलं. बाहेरून कडी लावली.

मी कडी काढली तेव्हा ती बाहेर भिंतीला टेकून रडत होती.

"गेली गं," म्हणाली.

त्या दिवशी तिनं पोटभर वरणभात खाल्ला. आप्पा कित्येक दिवसांनी शांत झोपले. मी त्यांच्या खोलीत गेले तर तिथं मोकळं मोकळं वाटलं. याआधी तिथं दाटी वाटायची, हे मला तेव्हा कळलं.

एकच काम राहिलं होतं. आत्याचं म्हणणं, रेकॉर्ड केलं म्हणजे झालं असं नाही. ते लोकांनी ऐकलं पाहिजे. मग ते खरं होतं. माझं इंटरनेटवर एक छोटंसं चॅनेल होतं, दोनेकशे श्रोते, त्यातले निम्मे नातेवाईक. त्यावर टाकते, म्हटलं.

इथं माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी मला एक मोठं काम संपवून द्यायचं होतं. आप्पांना ताप होता. मी घाईघाईत ती फाइल माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून काढली. ते सॉफ्टवेअर एकच करतं. माणसाचं बोलणं ठेवतं, बाकी सगळं पुसतं. शेवटपर्यंत ऐकलं नाही, कारण शेवटचं वाक्य माझंच होतं. चॅनेलवर टाकली. आणि काम झाल्यावर नेहमी करते तसं केलं. मूळ फाइल काढून टाकली, लॅपटॉपवर जागा हवी म्हणून.

संध्याकाळी आत्यानं कानात इअरफोन घालून ऐकलं.

संपल्यावरही तिनं इअरफोन काढले नाहीत. वाट बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"पावलं कुठं आहेत?"

मी फाइल उघडून पाहिली. माझं वाक्य होतं. "आता मी बसते. तुम्ही जा." त्यानंतर... काहीच नव्हतं. पावलं नाहीत. कडी नाही. स्वच्छ, सपाट शांतता. असलं स्वच्छ काम करते म्हणून तर लोक मला पैसे देतात.

मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी पुन्हा करू. ती हो म्हणाली. एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी तिला दोन पावलांच्या वर टाकता आली नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिला उभंच राहता आलं नाही.

२७ फेब्रुवारीला दुपारी ती झोपेत गेली. मी चहा घेऊन गेले तेव्हा समजलं.

तिच्या पलंगाला... आप्पांच्या खोलीतली खुर्ची टेकलेली होती.

मी ठेवली नव्हती. आप्पा उठू शकत नाहीत.

तेरावं झालं. खुर्ची मी आप्पांच्या खोलीत परत नेऊन भिंतीशी ठेवली. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये सहा फरश्या होत्या. तेव्हा मोजल्या नव्हत्या. नंतर जुन्या फोटोत बघून मोजल्या.

मार्चमध्ये मी आप्पांसाठी दुपारची बाई लावली. सुंदरा. पळसदरीकडून यायची. कामाला चोख, आप्पांशी दुपारभर एकतर्फी गप्पा मारायची. मला जरा श्वास घेता आला.

जूनमध्ये तिनं काम सोडलं. घाबरून नाही. रागावून.

फाटकाशी उभी राहून म्हणाली, "ताई, माझं काम आवडत नसंल तर तोंडावर सांगायचं. आमी काय मागं लागत नाय. पन दुसरी बाय लावलीत ती मला न सांगता?"

मी म्हटलं, सुंदरा, दुसरी कुणी नाही.

"नाय कशी? मी मोरीत कपडं धुतंय तर आत बोलत हाय ती. तुमी जा, मी हाय, असं म्हनती. शेरातली दिसतीय, ग्वाड बोलती." मग तिनं आवाज खाली आणला. खरा राग याचाच होता. "आनि घरात पायताण घालून फिरती. आजारी मानसाच्या खोलीत खटखट खटखट. असली बाय ठेवू नका, ताई. म्हाताऱ्याला बरं नाय ते."

मी कितीही सांगितलं तरी तिला पटलं नाही. गेली ती गेली.

मी आत आले. फरश्या त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

पाच.

मग मी स्वतः बसायला लागले. लॅपटॉप आप्पांच्या खोलीत नेला, त्याच खुर्चीत बसून काम करू लागले. मी खुर्चीत असले, की काही होत नसे. ती खुर्ची मी एकदा गच्चीवर नेऊन ठेवली, तर आप्पांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. दात घट्ट मिटून गच्चीच्या जिन्याकडे बघत राहिले. शेवटी परत आणली. भिंतीपर्यंत मागे ढकलून पाहिली. मी जरा खोलीबाहेर जाऊन आले, की ती पुन्हा पाच फरश्यांवर आलेली असे.

बाहेरचं सगळं मी घरपोच मागवत होते. दोन महिने मी फाटकाच्या पुढे गेले नाही. हे सांगायला लाज वाटते, पण मला आप्पांचाही राग यायला लागला होता.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी माझी दाढ ठणकायला लागली. डोकं फुटेल असं वाटत होतं. पुलापलीकडे दातांचे डॉक्टर आहेत, एका तासात जाऊन येता येतं. जाताना सवयीनं रेकॉर्डर चालू करून आप्पांच्या उशाशी ठेवला. काय होतंय ते कळेल, म्हटलं.

परत आले तेव्हा आप्पा ठीक होते. त्यांचा भांग पाडलेला होता.

मी पाडला नव्हता.

हेडफोन लावून फाइल ऐकली. सुरुवातीला माझ्या चपला, मग कडी. मग बराच वेळ काही नाही. लांबून गाडीचा भोंगा.

मग...

खट. खट. खट.

पावलं लांबून येत होती आणि मोठी होत होती. मी मोजली. नऊ. मी जी पुसली होती, तीच पावलं, उलट्या दिशेनं.

खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि मग एक पुरुषाचा आवाज, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"या. बसा."

आप्पा.

मी जमिनीवर बसून रडले. भीतीनं नाही. नऊ महिन्यांनी मी माझ्या बापाचा आवाज ऐकला होता. फाइलमध्ये चाळीस मिनिटं ते बोलत होते. भिवपुरीचा कॅम्प, वीजघरातून सुटलेलं पाणी, आत्या ओट्यावरून हलत नाही म्हणून आजीनं घातलेल्या शिव्या. मधूनमधून ती नुसतं "हं" म्हणत होती. माझ्याइतकी घाई नव्हती तिला.

रडून झाल्यावर फरश्या मोजल्या. चार.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ का नाही काढला? काढला. कॅमेरा चालू ठेवून मी बाहेर जाऊन आले. आप्पा तासभर छताकडे बघत पडून होते, आणि खुर्ची तसूभरही हलली नव्हती. ती रेडिओची बाई आहे.

आणखी एक. मी अकरा वर्षं आवाजाचं काम करतेय, म्हणून मी तो आवाज आप्पांच्या शाळेतल्या निरोपाच्या भाषणाशी लावून पाहिला. तंतोतंत जुळतो. पण "गृहपाठ झाला का" विचारणारा आवाजही जुळलाच असता. आत्याला तो काढता यायचा.

मला खरंच ओळखता येत नाही, तो आवाज कुणाचा आहे.

त्यानंतर मी पुन्हा गेले. सप्टेंबरमध्ये. काम काही नव्हतं. शिळफाट्यापर्यंत जाऊन एक चहा पिऊन आले. मला ते ऐकायचं होतं. तीन फरश्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले. दोन. दर वेळी आप्पा थोडे अधिक बोलतात. दर वेळी मी परत आल्यावर ते थोडे अधिक बारीक झालेले दिसतात. चेहरा मात्र समाधानी.

पुन्हा गेले ती गेल्या मंगळवारी.

त्या फाइलमध्ये आप्पांचा आवाज थकलेला आहे. शेवटी शेवटी ते थांबतात. मग म्हणतात...

"प्रणिताला एक सांगायचं राहिलंय."

खुर्ची कुरकुरते. ती मऊ आवाजात म्हणते, "सांगा."

आप्पा श्वास घेतात.

आणि मग बाहेर माझ्या चपला वाजतात. दाराची कडी निघते. मी परत आलेली आहे.

पुढे काही नाही. मी ती फाइल शंभर वेळा ऐकली असेल. त्या श्वासानंतर काही नाही.

आठ दिवस झाले, मी आप्पांना विचारतेय. हात धरून विचारते. आप्पा, काय सांगायचं होतं? तुम्ही मला सांगा ना. ते माझ्याकडे बघतात आणि डोळे मिटून घेतात.

आता एक फरशी उरलीय.

आज पुन्हा मंगळवार आहे. अकराला लाइट गेली. हे सगळं मी त्याच खुर्चीत बसून लिहितेय. आप्पा जागे आहेत, पण माझ्याकडे बघत नाहीत. मघापासून दाराकडे बघतायत.

त्यांच्या उशाशी रेकॉर्डर ठेवलाय. थोड्या वेळापूर्वी मीच चालू केला. का केला, ते मला विचारू नका.

चपला दाराशीच आहेत.